उंची वाढवायची शस्त्रक्रिया, तीही परदेशात: सोबतीला जाणाऱ्याने काय बघावं?

कुंपणावरचा (धागाकर्ता)
सोमवार, रात्री १०:४८

मंडळी, विषय जरा वेगळा आहे. टिंगल करायचा मोह आवरावा ही आधीच विनंती.

माझा मावसभाऊ, वय २७, उंची पाच फूट चार इंच. पाय लांब करून घ्यायची शस्त्रक्रिया करायचं त्याने पक्कं केलंय, आणि तीही परदेशात. आजार नाही, अपघात नाही, दोन्ही पाय सारखे. उंची हवी आहे, एवढंच. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या देशावर घसरेल. आगाऊ रक्कम भरून झाली, तारीख मिळाली. मावशी-काकांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. आणि सोबत म्हणून मी यावं असं त्याचं म्हणणं.

रुग्णालयाच्या पत्रकात असं आहे: दोन्ही मांड्यांच्या हाडांत आतून रॉड, ७ सेंटीमीटर वाढ, तिथला मुक्काम तीन आठवडे, मग घरी. विमानतळावरून नेणं-आणणं, हॉटेल, फिजिओ, दुभाषा, सगळं त्यातच. फोटोंमध्ये समुद्रही आहे.

त्याला परावृत्त करायला हा धागा काढलेला नाही. ते प्रयत्न घरात करून झाले आणि आमच्यात दोन महिने अबोलाही होऊन गेला. मला एवढंच कळून घ्यायचंय की तीन आठवडे माझ्या वाट्याला काय येणार, परतीच्या विमानाचं कसं, आणि घरी आल्यावर काय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उनाड_पारवा
सोमवार, रात्री ११:०२

सात सेंटीमीटरसाठी एवढा खटाटोप? चांगल्या बुटांत तीन-चार येतात की. (जातोय, मारू नका.)

हाडाचा_डॉक्टर
सोमवार, रात्री ११:५५

अस्थिरोगतज्ज्ञ आहे. हौसेखातर उंची वाढवायचं काम मी करत नाही, पण हाड लांबवलेले रुग्ण बघितलेत, आणि दुसरीकडे बिघडून आलेलेही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. 'तीन आठवड्यांची शस्त्रक्रिया' असं काही नसतं. टेबलावरचं काम काही तासांचं. हाड कापायचं, पोकळीत रॉड घालायचा, वर-खाली स्क्रूने अडकवायचा. त्या दिवशी पाय एक मिलिमीटरही लांब झालेला नसतो. मग पाच ते दहा दिवस नुसतं थांबायचं, कापलेल्या जागी नवं हाड धरायला लागावं म्हणून. त्यानंतर रोज साधारण एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. फटीत जे कोवळं हाड तयार होत असतं, ते ताणत ताणत न्यायचं. घाई केली तर हाड भरत नाही आणि नसा (म्हणजे मज्जातंतू) तक्रार करतात. फार रेंगाळलात तर फट वेळेआधीच सांधते, आणि पुन्हा टेबलावर जाऊन हाड कापून घ्यावं लागतं.

आता हिशेब करा. ७ सेंटीमीटर म्हणजे ७० मिलिमीटर, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर ७० दिवस. सुरुवातीचा थांबायचा आठवडा वेगळा. तीन आठवड्यांनी तुमचा भाऊ विमानात बसेल तेव्हा जेमतेम १४ मिलिमीटर झालेले असतील. उरलेले ५६ तुमच्या घरी.

बहुतेक गुंतागुंत त्या ५६ मध्ये होते. गुडघा वाकेनासा होणं, नस ताणली जाऊन पाऊल उचलता न येणं, हाड न भरणं, पायाची सरळ रेष बिघडणं, हे सगळं लांबी वाढत जाते तसं वाढतं. म्हणजे ज्याने हाड कापलं तो तिकडे आणि अवघड भाग इकडे. हे वाक्य पत्रकात कुठे आहे ते शोधा.

लांबी गाठली की संपलं असंही नाही. फटीतलं हाड पक्कं व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. ढोबळ हिशेब म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरमागे सुरुवातीपासून महिना-दीड महिना. दोन एक्स-रे काढतात, एक समोरून, एक बाजूने, त्यांत हाडाच्या मिळून चार कडा दिसतात. त्यातल्या तीन जुळलेल्या दिसल्या की आम्ही पूर्ण वजन टाकायला सांगतो. तोवर वॉकर आणि कुबड्या, आणि दोन्ही पाय एकदम केलेत म्हणजे बराच काळ व्हीलचेअर.

सोबत्याने बघायचं ते सांगतो. पहिले तीन दिवस त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवा. दोन्ही मांड्यांची हाडं एकाच बैठकीत पोखरली की आतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकू शकते. धाप, असंबद्ध बोलणं, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके, यातलं काही दिसलं तर नर्सला हाका मारत बसू नका, डॉक्टरलाच आणा. कितीही औषध देऊन न थांबणारी, बोटं ताणली की वाढणारी कळ असेल तरी तेच. एकच पोटरी सुजून तटतटली तर रक्ताची गुठळी झालीये असं धरून चाला.

जुनी_कात्रणं
मंगळवार, सकाळी ७:२०

थोडं अवांतर, पण पूर्ण नाही. पाय लांब करायचा प्रयोग इटलीच्या कोदिव्हिला यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केला होता. पण आज जी पद्धत आहे ती सैबेरियातल्या कुर्गान गावच्या गाव्रिल इलिझारोव्ह यांची, १९५० च्या दशकातली. पायाभोवती धातूच्या कड्या, हाडातून आरपार तारा, आणि रोज थोडे थोडे नट फिरवायचे. पश्चिमेकडे हे बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. उंच उडीचा विश्वविक्रमवीर व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात पाय मोडून बसला आणि शेवटी इलिझारोव्ह यांच्याकडे गेला, तेव्हा सोव्हिएत संघात त्यांचं नाव झालं. इटलीचा गिर्यारोहक कार्लो मौरी वर्षानुवर्षं न सुधारलेला पाय घेऊन १९८० मध्ये कुर्गानला पोचला, बरा झाला, आणि पुढच्याच वर्षी इलिझारोव्ह यांना इटलीत व्याख्यानाला बोलावलं गेलं.

म्हणजे पायासाठी परदेशी जाणं नवं नाही. फरक एवढाच की कुर्गानला गेलेला माणूस महिनोन्महिने तिथल्याच खाटेवर असायचा, आणि नट फिरवणारे डॉक्टर त्याच इमारतीत असायचे.

तिरपी_रेघ
मंगळवार, सकाळी ९:४१

माझा एक पाय लहानपणी गुडघ्याजवळच्या दुखापतीमुळे कमी वाढला. कॉलेजात असताना नडगीला कड्या लावून तो लांब करून घेतला. म्हणजे माझी गरज वैद्यकीय होती, पण यातनांना ते कुठे कळतं.

आतल्या रॉडमध्ये तारांचा त्रास नसतो हे भावाचं नशीब. तरी लिहिते, कारण काही रुग्णालयं 'आतला रॉड' म्हणतात आणि करतात मात्र रॉड अधिक बाहेरच्या कड्या. लांबी झाली की कड्या काढतात आणि रॉड अडकवून टाकतात. पद्धत जुनी आणि मान्यताप्राप्त आहे, फक्त कड्या असेपर्यंत प्रत्येक तार कातडीत शिरते ती जागा रोज साफ करावी लागते. खपली धरते, तिच्याखाली ओलं राहतं. पाय लांब होताना कातडी तारेवर ओढली जाते आणि तिथे एक बारीक चीर पडत जाते. मिठाच्या पाण्यात भिजवलेली पट्टी तारेभोवती गुंडाळून आई हे करायची, आणि बाबा नट फिरवून वहीत वेळ लिहायचे. रात्री नटाची पाळी टाळायची असं मी एकदा सुचवलं होतं, बाबांनी नुसतं वहीकडे बघितलं. कुंपणावरचा, ती वही तुम्हीही ठेवा. कोणत्या पायाला, किती वाजता, किती. औषधाच्या गुंगीत रुग्णाला आठवत नाही, आणि 'सकाळची पाळी झाली का?' यावर दोघांची उत्तरं वेगळी निघतात.

बाकी सोबत्याची खरी कामं म्हणजे शौचाला नेणं, अंघोळ, रात्री कुशीवर वळवणं. तीन आठवडे हे करायची तुमची तयारी आहे का, आणि तुमच्याकडून ते करून घ्यायची त्याची आहे का, हे जायच्या आधी एकमेकांशी मोकळेपणाने बोला.

सडेतोड
मंगळवार, दुपारी १२:१५

चांगलं धडधाकट हाड कापायचं आणि त्याला उपचार म्हणायचं! चीनने २००६ मध्ये निव्वळ उंचीसाठीच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली ती उगाच नाही. सगळीकडे घालायला हवी.

कुंपणावरचा
मंगळवार, दुपारी १२:५०

सडेतोड, बंदी घातली की हौस संपते का? लोक दुसऱ्या देशात जातात, तोच तर प्रश्न आहे. वर विनंती केली होती.

शांतपणे
मंगळवार, दुपारी २:०५

समुपदेशक म्हणून दोनच ओळी. उंचीबद्दल वाईट वाटणं वेगळं आणि दिवसाचे तासन्‌तास उंचीत अडकून पडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात शस्त्रक्रियेने बहुधा समाधान होत नाही, मन दुसऱ्या एखाद्या अवयवावर जाऊन बसतं. म्हणूनच नीट चालणारी केंद्रं आधी मानसिक तपासणी करून घेतात आणि काहींना परत पाठवतात. तुमच्या भावाला त्या रुग्णालयाने असं काही विचारलं का?

कुंपणावरचा
मंगळवार, दुपारी २:३०

एक प्रश्नावली होती. 'तुमची स्वप्नातली उंची किती?' असा पहिला प्रश्न. पुढचे कपड्यांच्या मापाचे आणि पैसे कसे भरणार याचे.

ताणतणाव
मंगळवार, रात्री ८:१०

फिजिओथेरपिस्ट. डॉक्टरांनी हाडाचं सांगितलं, मी बाकीचं सांगते. हाड ओढलं की लांब होतं, स्नायू मात्र आपणहून होत नाहीत. त्यांना रोज, तास-तास, रडवून ताणावं लागतं.

मांडीचं हाड लांबवताना गुडघा वाकेनासा होतो, जांघेतले स्नायू आखडतात आणि मांडीच्या बाहेरची जाड पट्टी दोरीसारखी ताठ होते. जांघ आखडली की माणूस कमरेत वाकून, पार्श्वभाग मागे काढून उभा राहतो आणि बदकासारखा चालतो. मग एवढं करून मिळवलेली उंची उभं राहिल्यावर दिसतच नाही. नडगी लांबवली तर टाच वर उचलली जाते, पाय चवड्यावर उभा राहतो आणि खाली टेकत नाही. ती टाच वेळीच खाली आणली नाही तर पुढे स्नायुबंध कापून सैल करायची वेळ येते.

पत्रकात 'फिजिओ समाविष्ट' लिहिलंय ना? किती वेळ रोज, आणि किती आठवडे, ते विचारा. पहिल्या तीन आठवड्यांत स्नायू फारसे आखडलेले नसतात, खरी लढाई तीन-चार सेंटीमीटरनंतर सुरू होते. तेव्हा तुम्ही घरी असणार.

रोज सकाळी एक काम करा. पालथं झोपवून गुडघा किती वाकतो ते कोनमापकाने मोजा. साधा प्लास्टिकचा मिळतो, लांब दांड्यांचा. आकडा सलग घसरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला विचारायचं की वेग कमी करायचा की थांबायचं. 'दोन दिवसांनी बघू' म्हटलं की पाच अंशांचे वीस होतात, आणि ते वीस परत मिळवायला महिने जातात.

परतीचं_तिकीट
बुधवार, रात्री १२:३५

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी लॉगिन केलं. मी हे करून आलोय. मांड्या, चुंबकाचा रॉड, परदेशात. माझं पॅकेजही असंच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

रॉडच्या आत एक छोटं चुंबक असतं. बाहेरून मांडीवर एक जड यंत्र ठेवायचं, त्यातली चुंबकं फिरली की आतलं फिरतं आणि रॉड केसभर लांब होतो. यंत्र बरोबर त्या चुंबकावर बसलं पाहिजे. एक्स-रे बघून तिथे मार्करने फुली मारून देतात. अंघोळीत फुली पुसट होते, मग आपण ती अंदाजाने गिरवतो, आणि ती रोज थोडी थोडी सरकते. यंत्राच्या पडद्यावर 'झालं' असं येतं, पण यंत्राला आपली चुंबकं फिरल्याचं कळतं, आतलं फिरलं की नाही ते कळत नाही.

घरी आल्यावर मी जवळपासच्या डॉक्टरांना विचारलं की फक्त एक्स-रे बघाल का. एकेकाने नम्रपणे हात वर केले. त्यांचंही चूक नाही, दुसऱ्याने कापलेल्या हाडाची जबाबदारी कोण घेईल? मी एक्स-रे फोनवरून तिकडच्या समन्वयकाला पाठवायचो, दहा मिनिटांत अंगठा यायचा. अंगठा, सर्जनची ओळ नाही. शेवटी ओळखीतून एका वयस्कर डॉक्टरांनी फिल्म हातात घेतली, पट्टी लावली आणि म्हणाले, उजवा डाव्यापेक्षा मागे आहे. तोवर त्या एक्स-रेला तिकडून तीन अंगठे आले होते. समन्वयक हा विक्री विभागातला माणूस होता हे नंतर कळलं.

मग मी सरळ परत गेलो आणि लांबी पूर्ण होईपर्यंत तिथेच खोली घेऊन राहिलो. दर आठवड्याला सर्जन स्वतः फिल्म बघायचे, एकदा गुडघ्यासाठी चार दिवस थांबायला लावलं, एकदा थोडं मागेही घेतलं. चुंबकाच्या रॉडमध्ये मागे घेता येतं हा मोठा फायदा. काही यांत्रिक रॉडमध्ये एकदा लांब झालं की झालं.

पस्तावलोय का? नाही. ठरवलं होतं त्यापेक्षा कमी लांबीवर थांबलो, आणि मजेत आहे. पण धावणं पूर्वीसारखं नाही, जिना उतरताना पायाकडे लक्ष ठेवावं लागतं. फोटोत हात थोडे आखूड वाटतात, ते फक्त मला आणि माझ्या बहिणीला दिसतं.

उनाड_पारवा
बुधवार, सकाळी ८:००

परतीचं_तिकीट, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

हाडाचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ८:४५

वरचा प्रतिसाद नीट वाचा, त्यात सगळं आलं. दोन पुरवण्या.

एक. एक्स-रेमध्ये लांबी मोजायची तर शेजारी मापाची खूण ठेवूनच फिल्म काढावी लागते, नाहीतर मशीनच्या अंतराप्रमाणे सगळंच मोठं दिसतं. शिवाय मधूनमधून खुब्यापासून घोट्यापर्यंत उभं राहून काढलेली लांब फिल्म हवी. मांडीचं हाड त्याच्याच रेषेत लांब केलं की गुडघा आत सरकतो आणि वजनाची रेषा बाहेर जाते, साधारण प्रत्येक सेंटीमीटरला एक मिलिमीटर. मुळात पाय सरळ असतील तर हे खपून जातं. ज्याचे गुडघे आधीच आत वळलेले आहेत त्याला नाही खपत. नियोजनाच्या वेळी अशी फिल्म काढली होती का, विचारा.

दोन. तुमचा भाऊ सिगारेट ओढतो का? व्हेप, निकोटिनचा च्युइंगम, सगळं धरून. निकोटिनने हाड भरणं मंदावतं. आणि दुखलं म्हणून मनाने साध्या सूज उतरवायच्या गोळ्या घेऊ नका, त्यांतल्या काही नव्या हाडाच्या आड येतात. काय घ्यायचं ते सर्जनकडून लिहून घ्या.

विमानाचं: दोन्ही मांड्यांवर शस्त्रक्रिया, वर तासन्‌तास बसून प्रवास, म्हणजे गुठळीचा धोका दुप्पट कारणांनी. रक्त पातळ ठेवायचं औषध प्रवासाच्या दिवशी कसं घ्यायचं ते आधी ठरवा. प्रवासाला योग्य असल्याचं पत्र, शरीरात धातू असल्याचं पत्र, विमान कंपनीला व्हीलचेअरची आगाऊ सूचना. आणि चुंबकाचा रॉड असेल तर तो आत असेपर्यंत एमआरआय नाही, हे घरच्या प्रत्येकाला माहीत हवं. कुणाला पेसमेकर असेल तर रॉड लांबवायच्या त्या चुंबकाच्या यंत्राजवळही फिरकू देऊ नका.

बारीक_अक्षरं
बुधवार, दुपारी ३:२०

विम्यात काम करतो. प्रवास विमा काढलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ठरवून केलेल्या उपचारातून उद्भवलेली गुंतागुंत त्यात सहसा धरत नाहीत. घरच्या आरोग्य विम्यातही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, आणि तिच्या परिणामांवरूनही वाद होतो.

करारात बघा: फट वेळेआधी सांधली किंवा हाड भरलंच नाही तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा? त्यासाठी पुन्हा जायचं विमानभाडं? रॉड काढायची शस्त्रक्रिया धरलीय का? तो वर्ष-दोन वर्षांनी काढावा लागतो, म्हणजे आणखी एक भूल, आणखी एक प्रवास. वाद झाला तर कोणत्या देशाच्या न्यायालयात, कोणत्या भाषेतला मसुदा ग्राह्य? तुम्हाला दिलेला अनुवाद ग्राह्य नाही असं बहुतेक वेळा तळाशी लिहिलेलं असतं.

आणि रॉडची कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांक असलेलं कार्ड हातात घेतल्याशिवाय रुग्णालय सोडू नका. 'स्ट्राइड' नावाचा स्टीलचा रॉड होता, त्यावर लवकर पूर्ण वजन टाकता येतं म्हणून उंचीसाठी येणाऱ्यांत फार लोकप्रिय. २०२१ च्या सुरुवातीला कंपनीने तो बाजारातून मागे घेतला, रॉडच्या दोन भागांच्या जोडापाशी गंज आणि हाडात बदल दिसले म्हणून. तेव्हा ज्यांना आपल्या मांडीत नेमकं काय आहे हे सांगता येत होतं ते लगेच डॉक्टरकडे गेले.

सडेतोड
बुधवार, दुपारी ४:०२

हे सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. पण धागा उत्तम, हे मान्य.

कुंपणावरचा
शनिवार, सकाळी १०:१०

तीन दिवस गायब होतो, कारण तुमचे प्रश्न एकत्र करून रुग्णालयाला पाठवले आणि उत्तराची वाट बघत होतो. भावालाही हा धागा वाचायला दिला. त्याने सगळ्यात आधी 'परतीचं_तिकीट' यांचा प्रतिसाद वाचला, मग माझ्याशी तासभर बोलला. अबोल्यानंतर पहिल्यांदाच.

रुग्णालयाची उत्तरं अशी. घरी गेल्यावर एक्स-रे कोण बघणार? 'आमची टीम, मेसेजवर.' टीममध्ये सर्जन आहेत का? 'टीम अनुभवी आहे.' कोणता रॉड? 'अत्याधुनिक जर्मन तंत्रज्ञान.' रॉड काढायचं? वेगळे पैसे. फट वेळेआधी सांधली तर? 'आमच्याकडे असं होत नाही.' लांब फिल्म काढणार का? काढू, म्हणाले.

हाडाचा_डॉक्टर
शनिवार, सकाळी १०:४०

'जर्मन तंत्रज्ञान' हे मॉडेलचं नाव नाही. आणि 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणणाऱ्याने एकतर मोजक्याच शस्त्रक्रिया केलेल्या असतात किंवा रुग्ण परत गेल्यावर त्याचं काय झालं ते बघितलेलं नसतं. दुसरी शक्यता तुमच्या पॅकेजला चपखल बसते.

कुंपणावरचा
शनिवार, सकाळी ११:३०

हेच भावाच्या तोंडून आलं, जरा वेगळ्या शब्दांत. त्याने ती तारीख सोडली. आगाऊ रकमेतलं किती परत मिळेल ते बघायचंय, बारीक_अक्षरं यांना व्यक्तिगत निरोप करतो.

बेत मात्र सोडलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणच्या सर्जनशी त्याचं व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांनी स्वतः रॉडचं नाव सांगितलं, मानसिक तपासणीशिवाय तारीख देणार नाही म्हणाले, आणि सातचं पाचवर आणलं. लांबी पूर्ण होऊन गुडघा ठीक दिसेपर्यंत शहर सोडायचं नाही ही त्यांची अट. म्हणजे दोन-अडीच महिने. पर्यटक व्हिसा पुरणार नाही, वैद्यकीय व्हिसाचं बघतोय. मी पहिला महिना जाईन, मग मावशी. हो, मावशीला आता सगळं माहीत आहे. ती दोन दिवस बोलली नाही, मग विचारलं की व्हीलचेअर तिथे मिळते की घेऊन जायची.

परतीचं_तिकीट, तिथे खोली घ्यायची तर काय बघू?

परतीचं_तिकीट
शनिवार, दुपारी १:१५

लिफ्ट हवीच, आणि व्हीलचेअर आत घेऊन दार बंद होईल एवढी खोल. घरमालकाकडून पट्टी धरून काढलेला फोटो मागवा, 'मोठी आहे' यावर जाऊ नका. बाथरूमच्या दाराला उंबरठा नको आणि दाराची रुंदी खुर्चीच्या चाकांपेक्षा जास्त हवी. कमोड उंच हवा. गुडघा नव्वद अंशात वाकत नसेल तेव्हा बुटक्या कमोडवर बसताच येत नाही. वर बसवायचं उंच सीट मिळतं, ते पहिल्याच दिवशी आणा. पलंगही उंच, दोन्ही बाजूंनी मोकळा. फरशीवर गालिचा असेल तर गुंडाळून ठेवा, वॉकर अडकतो. खोली फिजिओच्या जवळ घ्या, रुग्णालयाच्या नाही. फिजिओकडे रोज जायचंय, रुग्णालयात आठवड्यातून एकदा.

ताणतणाव
शनिवार, दुपारी १:५०

+१. आणि पालथं झोपायला कडक गादी. मऊ गादीत जांघ आखडलेली कळतच नाही.

कुंपणावरचा
शनिवार, दुपारी २:०५

लिहून घेतलं. गादीचं मावशीला सांगतो, ती माझ्यापेक्षा कडक आहे. व्हिसाचं कळलं की इथेच लिहीन.